आप्पांचे पाय

आप्पांच्या पायातली चप्पल मागे राहायची आणि आप्पा पुढे निघून जायचे. अहमदपूरच्या आमच्या गल्लीत हा रोजचा तमाशा. किराणावाले रहीमभाई दुकानातून ओरडायचे, "ओ आप्पा, एक चप्पल इथंच की!" आप्पा वळून चपलेकडे बघायचे, जशी काही तीच कामचुकार आहे. "थकली आसंल. बसू द्या तिला जरा." गल्ली हसायची. मीही पदर तोंडाला लावून खो खो हसायची. माझे सासरे विसरभोळे आहेत, एवढंच मला वाटायचं. त्यांच्या पायांना कळणंच बंद झालं असेल, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

उभी हयात त्यांनी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी म्हणून काढली. तुरीचा दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती ते सांगायचे आणि व्यापारी ऐकायचे. त्यामुळे तोंडात जाणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची पक्की समजूत. माझे मिस्टर नांदेडला नोकरीला. सुटीला येताना कधी ताकदीच्या गोळ्यांची बाटली आणायचे, कधी चॉकलेटच्या वासाची पावडर. आप्पा डबा कानाशी धरून हलवायचे, झाकण काढून हुंगायचे. "ह्यात हाय काय? रंग हाय अन् वास हाय. पेरलं तर उगवंल का?"

"आप्पा, ते औषध आहे, बियाणं नाही!"

"मंग ठिवा तिकडं." डबा फडताळात जायचा आणि मुंग्या लागल्या की बाहेर यायचा.

गोळ्यांवर विश्वास नव्हता, कारण अव्वांवर होता. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. ज्वारीची पातळ भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला घातलेलं वरण. घरात मटण-अंडं कधी आलं नाही, आणि दूध चहापुरतं. जेवण झालं की आप्पा स्वयंपाकघराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "आज पोटाला लागलं बरं का!" आत अव्वांच्या भांड्यांचा आवाज जरा हलका व्हायचा. आणि कुणी पानात वरून मीठ मागितलं तर त्या दिवसभर गप्प. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीठ मागून बसले होते. माझं तोंडच तसं आहे, काय करणार!

मग एका चैत्रात आप्पा भर दुपारी बँकेतून चालत घरी आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. मी तांब्या द्यायला वाकले तर डाव्या पायात चप्पल नाही आणि तळव्याला टरटरून फोड. डांबर तापून मऊ झालेलं होतं, त्यावरून हा माणूस एका पायानं अनवाणी आला होता.

"आप्पा, पाय!"

त्यांनी पाय उचलून बघितला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "आरं तिच्या," म्हणाले, "हे कवा झालं?"

दुखत असतं तर मी घाबरले नसते, खरंच.

लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि चिमट्यासारखं एक लोखंडी हत्यार आपटून थरथरतं घोट्यावर टेकवलं. "आप्पा, थरथर जाणवते का?" "हाव." दुसऱ्या घोट्यावर. "हाव." मग डॉक्टरांनी ते मुठीत धरून त्याची थरथर पार थांबवली आणि परत टेकवलं. "आता?" "हाव हाव, लई जाणवून राहिलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

रक्त तपासलं तेव्हा बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं निघालं. डॉक्टर भला माणूस, समजावून बोलले. "भाकरी-भाजी उत्तम आहे. पण हे एक त्यातून मिळतच नाही. मटणात, अंड्यात असतं, थोडं दुधात. आणि या वयात पोट तेही नीट घेत नाही." आप्पांनी शर्टावरूनच गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "अंडी खा म्हणत नाही मी," डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन घ्या, मग गोळ्या. पण लगेच. नसांचं काम आहे, उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही."

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. शिरूर ताजबंदचा थांबा आला. मग एकदम म्हणाले, "पोरी, घरी कमी-बिमी काई सांगू नको. उन्हानं झालं म्हण."

"आणि इंजेक्शन?"

"न्हाई घ्यायचं. आगं, तिनं सारा जन्म चुलीपुढं काढला. आता सुया टोचून घेऊन तिला काय सांगू? तुझ्या हातचं पुरलं न्हाई म्हणून?"

मला असा संताप आला की काय सांगू! पाय निकामी होत चाललेत या माणसाचे आणि याला बायकोच्या भाकरीची अब्रू पडलीय. पण संतापाच्या खाली भीती होती. डॉक्टरांचं 'लगेच' माझ्या कानात वाजत होतं. उद्या हे चुलीच्या निखाऱ्यावर पाय ठेवतील आणि वास आल्यावर आपल्याला कळेल, असलं काहीतरी डोळ्यांपुढे यायला लागलं. घरी पोचले, पिशवी ठेवली आणि अव्वांना सगळं सांगून टाकलं. आप्पा ओट्यावरून "ए पोरी, ए पोरी" करत राहिले.

अव्वांच्या हातात परात होती. त्यांनी ती खाली ठेवली. मला वाटलं, आता आठ दिवस हे घर मुकं होणार. पण त्या हात पुसत बाहेर आल्या आणि आप्पांना म्हणाल्या, "तुमी जे खाल्लं तेच मी खाल्लं. मंग मला कामून न्हाई तपासलं?"

अव्वांनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

"बोटाला मुंग्या येतेत माझ्या. लई दिस झाले. पेले सुटतेत हातातून. भाकर भाजली का न्हाई ते बोटाला कळंना, म्हणून मी ती नाकाला लावून बघते. म्हातारपण आसंल म्हणून बोलले न्हाई."

गावातल्याच लॅबमध्ये रक्त दिलं. अव्वांचं आप्पांच्याहून कमी निघालं. कागद वाचून दाखवला तेव्हा आप्पा उठून उभे राहिले, भिंतीला धरून. "चला," म्हणाले, "पैली सुई तिला. आन् आत्ता. सकाळी-बिकाळी न्हाई." दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसले. अव्वांना सुई टोचली आणि आप्पांनी डोळे मिटून घेतले. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र कंपाउंडरशी तुरीच्या भावाबद्दल बोलत होते.

मिस्टरांनी तेवढ्यात घाबरून सगळ्यांसाठी पिशवीभर डबे आणले. केसांचं, हाडांचं, माझ्यासाठी लोहाचं, आणि कशाकशाचं. लातूरच्या डॉक्टरांनी ते बघून हात जोडले. "अहो, दुकान टाकायचंय का? जे कमी आहे तेवढंच द्या. बाकीचं त्या आजींच्या चुलीवर मिळतंय की." हे वाक्य आप्पांनी पुढे गल्लीत ज्याला त्याला ऐकवलं. अर्धंच ऐकवायचे, फक्त शेवटचं.

अव्वांच्या बोटांतलं कळणं हळूहळू परत आलं. आप्पांच्या पायातलं नाही आलं. त्यांचं फार आधीपासून चालू होतं, आम्ही हसत होतो तेव्हापासून. पुढे ते काठी घेऊन चालायचे, मान खाली घालून, प्रत्येक पाऊल डोळ्यांनी ठेवत. अंधार पडला की उठायचेच नाहीत. मला ते बघवायचं नाही. मी सारखी मागे मागे, "आप्पा, पायरी," "आप्पा, पाणी सांडलंय." वैतागायचे बिचारे. आता ते नाहीत. न्यूमोनियानं गेले, चार दिवसांत. पण माझी सवय गेली नाही. घरात कुणाच्या हातून पेला पडला तरी मी दचकते. लेक "आई, पायाला मुंग्या आल्या" म्हणाली की तिला अर्धा तास छळते, आणि ती मांडी घालून बसली होती एवढंच निघतं.

आप्पा जायच्या आधीच्या दिवाळीत मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. आत अव्वा करंज्यांना मुरड घालत होत्या, बारीक, एकसारखी, आणि आप्पा दारातून त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होते. मला रडू आलं. म्हटलं, "आप्पा, वर्षभर आधी नेलं असतं तुम्हाला, तर पाय वाचले असते."

"आन् माझे पाय चांगले आसते तर तिला कुणी नेलं आसतं?" ते हळूच म्हणाले, आत ऐकू जाणार नाही असं. "ती बोलली आसती का कधी? माझे पाय गेले म्हणून तिचे हात घावले. मापाडी हाय मी, पोरी. सौदा वाईट न्हाई झाला."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा! मी तेलाचे हात पदराला पुसले आणि आत जाऊन अव्वांसमोर लाटायला बसले.