उलट बोलायची शिकवणी

पॅनलकाकांच्या घरी चहा मिळवायचा तर आधी त्यांना उलट बोलावं लागे. ते समोर बसवायचे, काहीतरी धडधडीत चुकीचं विधान करायचे आणि वाट बघायचे. तुम्ही मान डोलावलीत की संपलं, किटलीचं बटण दाबलंच जायचं नाही. गेल्या हिवाळ्यात काका गेले, तेव्हा लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी त्यांच्याबद्दल फार गोड गोड लिहिलं. शांत, मृदू, प्रेमळ वगैरे. वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही आला. काका मृदू मुळीच नव्हते. मृदू माणसाच्या हाताखाली मी सॉलिसिटर झाले नसते.

ते भूल देणारे डॉक्टर. उभी हयात लेस्टरच्या हॉस्पिटलात काढलेली. तिथे नव्या डॉक्टरांच्या नेमणुका करणाऱ्या पॅनलवर ते बरीच वर्षं बसत, म्हणून मंडळात त्यांचं नाव पॅनलकाका पडलं. रिटायर झाल्यावर ओडबी या उपनगरातल्या घरी ते मंडळातल्या पोरांकडून मुलाखतींची तयारी करून घेत. मेडिकल असो, बँक असो, कायदा असो, त्यांना फरक पडत नसे. "आपली पोरं कागदावर वाघ असतात आणि खुर्चीत बसली की शेळी होतात," असं ते आईबापांच्या तोंडावर सांगत. आईबाप हसत, कारण वाघ आपला आणि शेळी शेजाऱ्यांची, असंच प्रत्येकाला वाटे.

माझी अवस्था शेळीपेक्षाही वाईट होती. कायद्याची पदवी हातात होती, पण इंग्लंडात पदवीने कोणी सॉलिसिटर होत नाही. माझ्यासारख्यांची वाट ठरलेली असते. आधी एखाद्या वकिली फर्ममध्ये सुट्टीचे काही आठवडे काम करायला मिळवायचं. त्याला व्हेकेशन स्कीम म्हणतात. नाव सुट्टीचं, पण त्या आठवड्यांत तुम्ही लिफ्टमध्ये कसे उभे राहता हेसुद्धा कोणीतरी बघत असतं. शेवटी मुलाखत, आणि ती जमली तर ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे दोन वर्षांची उमेदवारी. मी दोन हिवाळे अर्ज करत होते. 'या वेळी उमेदवारांचा दर्जा फारच उंच होता' हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की ईमेल उघडायच्या आधीच मी ते म्हणून टाकायची. दिवसा बेलग्रेव्ह रोडवरच्या एका छोट्या वकिली ऑफिसात लोकांच्या घरांच्या खरेदीची कागदपत्रं लावायची आणि घरी येऊन नवे अर्ज भरायचे, असं चाललं होतं. तिसऱ्या वर्षी बाबांनी जेवताना हळूच विषय काढला. "कौन्सिलला हाउसिंगमध्ये जागा निघालीये. स्टेबल आहे गं. बघ तरी." त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. नुसती काळजी होती. म्हणून मी कबूल केलं, की हे शेवटचं वर्ष. नाही जमलं तर कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, नोकरी.

त्याच आठवड्यात आईने मला काकांकडे धाडलं. त्यांनी मला बसवलं, टाय नीट केला (घरात, एकटे असताना, शनिवारी दुपारी टाय!) आणि गंभीरपणे म्हणाले, "लंडनहून ट्रेनने लेस्टरला येताना आधी नॉटिंगहॅम लागतं."

मी म्हटलं, "हो काका."

"हो काय? नॉटिंगहॅम लेस्टरच्या पुढे आहे. तू याच गावात वाढलीस ना?"

"मला वाटलं तुम्ही वेगळ्या रूटने..."

"बघ!" काकांनी टेबलावर हात आपटला. "चूक मी केली आणि तिला कारण तू शोधून दिलंस. दॅट इज अवर होल प्रॉब्लेम. मुलाखतीत समोर बसलेला फर्मचा पार्टनर मुद्दाम चुकीचं बोलेल, आणि तू मान हलवशील, कारण त्याचे केस पांढरे आहेत."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. खरंच होतं ते. आमच्या घरी मोठ्यांना उलट बोलणं म्हणजे ताटाला पाय लावण्याइतकं मोठं पाप. मावशीने ब्रिस्टल स्कॉटलंडमध्ये आहे म्हटलं तरी आम्ही 'असेल' म्हणायचो. तो माझ्या अंगात इतका मुरलेला गुण होता की मुलाखतीत तो दोष ठरत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

मग दर शनिवारी शिकवणी सुरू झाली. काका श्वासाकडे बघत. जन्मभर दुसऱ्यांचे श्वास मोजून ती सवयच लागली होती. मी उत्तराला तोंड उघडलं की हात वर करत. "आधी श्वास सोड, मग बोल. तुझा सगळा प्राण गळ्यात आलाय." ही फर्मच का, या प्रश्नाचं माझं उत्तर त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान. आता फर्मचं नाव काढून दुसऱ्या फर्मचं घाल. काही बिघडलं? नाही ना? मग हे उत्तर नाही, हे पोस्टर आहे." मी रडकुंडीला येई. त्यांना दया येत नसे. आणि दर वेळी निघताना एकच गोष्ट बजावत. "एकदा उलट बोललीस की मागे हटायचं नाही. हटलीस की गेलीस."

या शिकवणीचा घरी व्हायचा तो परिणाम झाला. एका रविवारी बाबा आमटीत मीठ कमी आहे म्हणाले आणि मी श्वास सोडून शांतपणे म्हटलं, "आय डिसअग्री, बाबा. मीठ बरोबर आहे." बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "अहो, पॅनलकाकांनीच शिकवलंय तिला. लागू दे नोकरी, मग बघू."

त्या वर्षी लंडनच्या एका फर्मची व्हेकेशन स्कीम मिळाली. त्या आठवड्यांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण मी जवळजवळ श्वास रोखूनच होते. आम्ही सगळे उमेदवार एकमेकांशी गोड बोलत होतो आणि जागा आमच्यापेक्षा कमी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. लंचला कोणी सँडविच अर्धं टाकलं तरी बाकीचे विचार करत, याला काही कळलंय का?

शेवटी मुलाखत. समोर एक पार्टनर आणि एचआरच्या बाई. आधी वाचायला एक प्रकरण दिलं होतं. आपला क्लायंट एक कंपनी विकत घेतोय, तिचं स्लाऊ नावाच्या गावात भाड्याचं गोडाऊन आहे, त्या भाडेकराराचे धोके सांगा. पार्टनर आरामात मागे रेलले आणि म्हणाले, "कंपनीला मुदतीच्या आधी जागा सोडता येते. म्हणजे क्लायंटला इथे काळजी नाही. बरोबर?"

मला मनातून आनंद झाला. हेच ते! काकांचं नॉटिंगहॅम! मी श्वास सोडला आणि म्हटलं, "नाही, मला ते पटत नाही. करार आधी संपवायचा हक्क फक्त जागामालकाला आहे."

ते पुढे झुकले. "नक्की?"

"नक्की."

"शेवटचं परिशिष्ट पाहिलंत?"

मी पानं उलटली. शेवटच्या पानावर तीन ओळींची दुरुस्ती होती. तोच हक्क भाडेकरूलाही दिलेला. पार्टनर बरोबर होते. मी ते पान वाचलंच नव्हतं.

 काकांचं वाक्य कानात वाजत होतं, हटलीस की गेलीस. काहीतरी शब्दांचा खेळ करून तग धरता आला असता. पण ती ओळ डोळ्यांसमोर होती आणि हौसेने घर घेऊन शेवटच्या पानामुळे फसलेली माणसं मी बेलग्रेव्ह रोडच्या ऑफिसात पाहिली होती. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही बरोबर आहात. पण या ओळीप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागेल आणि सगळं भाडं चुकतं असावं लागेल. ते चुकतं आहे का, हे विकत घ्यायच्या आधी तपासायला मी क्लायंटला सांगेन." पार्टनरनी काहीतरी लिहिलं. बाईंनी पाणी पुढे केलं. लोक पाणी देतात ते निरोपाचं, असं मला वाटलं.

परत आल्यावर मी काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते लालबुंद झाले. "तो तुला टेस्ट करत होता. अँड यू फोल्डेड! एवढ्या शनिवारांचं हेच का फळ?"

"काका, तो टेस्ट करत नव्हता. तो बरोबर होता."

"तरी धरून ठेवायचं होतं!"

"चुकीचं? क्लायंट बुडाला असता तरी?" माझा आवाज चढला. "तुम्ही चुकताय, काका."

हे मी त्यांना शंभरदा म्हटलं होतं, पण खेळ म्हणून. या वेळी खरं म्हटलं. काका उठले. "आज मला जरा कामं आहेत," असं म्हणून त्यांनी दार उघडून धरलं.

घरी येऊन मी आईपुढे फणफणले. आईने हातातल्या कपड्याची घडी घातली. मग म्हणाली, "अनूशीपण असंच झालं त्यांचं." अनू त्यांची एकुलती मुलगी. डॉक्टर होऊन तिने ते सोडलं आणि एडिंबरोला लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागली. दिवाळीच्या कार्यक्रमात काका सगळ्यांसमोर तिला अर्ध्यावर सोडणारी म्हणाले. तिने तिथेच उलट उत्तर दिलं. काका हटले नाहीत, तीही हटली नाही, आणि तेव्हापासून बापलेकीत शब्द नाही.  माझा राग गेला नाही, पण त्यात दुसरं काहीतरी मिसळलं.

मग वाट बघणं. होकार फोनवर येतो आणि नकार ईमेलवर, हे आम्हा सगळ्या उमेदवारांना ठाऊक असतं. त्यामुळे ईमेलचा टिंग आवाज झाला की मी फोन उलटा करून ठेवायचे. अनोळखी नंबर वाजला म्हणून मी जिन्यात धावले, तर गादी पोचवणारा माणूस पत्ता विचारत होता. शेवटी एका दुपारी ऑफिसात फोटोकॉपी काढताना फोन आला. एचआरच्या त्या बाईंनी आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मला ओरडावंसं वाटेपर्यंत, आणि मग म्हणाल्या की ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट तुम्हाला देतोय. पार्टनरांचा निरोप होता, की चूक कळल्यावर मी जे केलं तेच त्यांना ऑफिसात हवं आहे. ऑफिसाखालच्या साडीच्या दुकानाच्या दारात उभी राहून मी ढसाढसा रडले. दुकानातल्या बाईंनी काही न विचारता स्टूल दिलं.

आईबाबांना फोन केला आणि बसने थेट ओडबीला गेले. जायचं ठरवलं नव्हतं, पाय गेले. काकांनी दार उघडलं. मी बातमी सांगितली, पार्टनरांचा निरोपही सांगितला. जिंकल्याचा तोरा आवाजात आला असेल तर माहीत नाही. काकांनी मला आत घेतलं. मग म्हणाले, "नक्की कसं म्हणालीस त्याला? पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. काका टेबलाशी जाऊन बसले. "मला ते येत नाही," ते म्हणाले. "तू अनू हो. समोर बस."

मी बसले. त्यांनी घसा खाकरला. "अनू, तसं पाहिलं तर तेव्हाची परिस्थिती अशी होती..."

"परिस्थिती नको, काका."

"अनू, आपल्या दोघांचंही..."

"दोघांचं नको. तुमचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. कपाळावर घाम होता. मोठमोठी ऑपरेशनं निभावून नेलेला माणूस दोन शब्दांपुढे अडला होता, आणि मला त्यांची इतकी माया आली की हात धरावासा वाटला. धरला नाही. धरला असता तर ते सुटले असते. शेवटी, बऱ्याच फेऱ्यांनंतर, खाली बघत ते म्हणाले, "अनू, माझं चुकलं."

मी त्यांचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. ऐकायला कमी येई म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे. रिंग जात राहिली. मग घाबरलेला आवाज आला. "बाबा? काय झालं? तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे." काकांचे दोन्ही तळवे टेबलावर घट्ट दाबलेले होते. "माझं चुकलं होतं, अनू. एवढंच सांगायला फोन केला."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, ठेवला तिने. मग ती म्हणाली, "बाबा, परत बोला. ऐकू नाही आलं."

तिला ऐकू आलं होतं. मला कळलं, आणि काकांनाही कळलं असणार. ते वाद घालतील म्हणून मी धास्तावून त्यांच्याकडे बघत राहिले. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिला पुन्हा सांगितलं.