पाचपैकी दोन देणारे आप्पा

माझ्या दवाखान्याला सगळ्यात कमी मार्क माझ्या सख्ख्या बापाने दिले.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं, म्हणून हे लिहितेय.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आप्पा द्राक्षबागेत छाटणीला जायचे, आणि शुगरच्या गोळ्यांना माझ्याकडे यायचे.

एकदा वरून फॉर्म आला. शुगरचे पेशंट आमच्या सेवेवर किती समाधानी आहेत ते मोजायचं होतं. एक ते पाच मार्क.

विचारणारी मी, लिहिणारीही मीच. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात त्यांच्या गोळ्या.

कोण कमी देईल?

"पाच टाका ताई."
"मला पण पाचच टाका."

मी हवेत.

मग आप्पांचा नंबर आला.

"दोन टाक."

"आप्पा, लोक ऐकतायत."

"ऐकू दे ना. गोळ्या टायमावर देतीस, त्याचे दोन. पायाला मुंग्या येत्यात म्हणून लय वेळा सांगितलं. कोणी बघितलं का? तू तरी बघितलं का?"

इतका राग आला म्हणून सांगू. फुगलेल्या तोंडानेच मी खाली बसले आणि त्यांची चप्पल काढली.

टाचेला जखम होती. बागेतली तार लागलेली. आप्पांना पत्ताच नाही, कारण शुगरने पाय बधिर झालेले.

तिथेच बसून जखम धुतली.

पुढे कितीतरी दिवस रोज ड्रेसिंग केलं. पाय वाचला.

तेव्हापासून आमच्याकडे शुगरच्या पेशंटने आधी चप्पल काढायची, मग गोळ्या. आणि फॉर्म भरायला मी बसत नाही. दुसऱ्या गावची आशा सेविका येते.

पुढच्या वेळी आमचे मार्क धाडकन खाली आले.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे काय?"

म्हटलं, "सर, लोक आता खरं सांगतायत."

घरी येऊन हे सांगितलं, तर आप्पा मिशीत हसले. "आता कसं," एवढंच म्हणाले.

नोकरीत सत्कार झाले, शाली मिळाल्या. पण मी मिरवते ते आप्पांचे दोन मार्क. नव्या सिस्टर आल्या की पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि आप्पा गेले. आदल्या दिवशी बागेत चालत जाऊन आले होते.

त्यांना नेण्याआधी मी शेवटचं पाया पडायला वाकले. सवयीने आधी टाचा बघितल्या, मग बोटांच्या मधे.

कुठेही जखम नव्हती.

आप्पा, तुमच्या लेकीचा नमस्कार.