मिशांची दुरुस्ती

नगरपालिकेतला रंगारी सव्वीस वर्षं एकच काम करत आला होता. लोकांनी भिंतींवर चोरून काढलेली चित्रं पांढरी करायची. पण त्याला एक खोड होती. चित्र बिघडलेलं असेल, तर तो आधी ते नीट करी आणि मगच पुसे.

"या खोडीपायी एक दिवस नोकरी जाईल तुमची," बायको म्हणे.

त्या सकाळी बाजाराच्या भिंतीवर नगराध्यक्ष पाणघोडा होऊन खड्ड्यात डुंबत होते. खराखुरा खड्डा भिंतीसमोरच होता, पाण्यानं भरलेला. चित्र झकास होतं, मिशा मात्र अगदीच सुमार. रंगारी त्या भरत बसला आणि नेमकी मागे गाडी थांबली. खुद्द नगराध्यक्ष उतरले. कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"पुसतोयस की काढतोयस?" नगराध्यक्षांनी रंगाऱ्याला विचारलं.

"मिशा चुकल्यात, साहेब. तेवढ्या नीट करतो, मग पुसतो."

नगराध्यक्षांनी नकळत मिशांवरून बोट फिरवलं. "डावी जरा जास्त झुपकेदार आहे."

"दोन पावलं मागे सरका, साहेब. उजेडात नीट दिसेल."

साहेब मागे सरकले आणि थेट खड्ड्यात जाऊन बसले. हुबेहूब चित्रातल्यासारखे.

त्यांना ओढून बाहेर काढलं ते रंगाऱ्यानंच, त्यामुळे नोकरी वाचली. दुपारपर्यंत खड्डा बुजला, मग त्यानं चित्रही पुसलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेजवळच्या कोरड्या नळापाशी थांबला. मागची भिंत कोरीच होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच खिशातला ब्रश काढला.