मोहाच्या झाडावरचा फोन

२६ एप्रिल, रविवार. कूलरच्या जाळ्या खोलून नवा वाळा भरायला घेतला होता. ब्रह्मपुरीत हे काम मार्चमध्येच उरकायला हवं, पण यंदा कामाच्या धबडग्यात राहून गेलं होतं आणि आईने आठवडाभर टोमणे मारून घेतले होते. जाळीवरचा पांढरा क्षार मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होते, तेवढ्यात फोन वाजला. बंगलोरहून माझे मॅनेजर बोलत होते. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पुण्याचे, बोलायला गोड.

"मॅडम, रविवारी त्रास देतोय, सॉरी. यादीत फक्त एकच ओळ लाल राहिलीये. तेवढी आज हिरवी करून टाकाल का?"

"नाही," मी म्हटलं आणि हात पुसले. हे बोलणं लांबणार होतं.

लाल ओळ म्हणजे काय ते आधी सांगते. मी स्मार्टफोनची चिप तयार करणाऱ्या कंपनीत पडताळणीचं काम करते. आमच्या गल्लीत मी मोबाइल दुरुस्त करते असा समज आहे. दर आठवड्याला कुणीतरी फुटलेला स्क्रीन घेऊन दारात येतं, त्यामुळे तो समज खोडण्याचा नाद मी सोडून दिला. चिप कारखान्यात जाण्याआधी नुसती लिहिलेली असते, लाखो ओळींत. ती लिहिणारे वेगळे. त्यांनी लिहिलेलं खोटं पाडायचं, हे माझं काम. फोन तापला तर काय, बॅटरी संपत आली तर काय, गेम चालू असताना कॉल आला तर काय, असे हजारो प्रश्न आम्ही तिला संगणकावर विचारतो. उत्तर बरोबर आलं तर ओळ हिरवी, चुकलं तर लाल. सगळं हिरवं झालं की आराखडा कारखान्यात जातो आणि त्यानंतर त्यात कानामात्रेचाही बदल होत नाही. आमचा आराखडा मंगळवारी जायचा होता.

एखादी ओळ लाल राहिली आणि दुरुस्तीला वेळ नसला, तर एक वाट असते. तिला आम्ही माफीची यादी म्हणतो. दोष आहे, पण प्रत्यक्षात तो कुणाला भेटणार नाही, असं कारण लिहायचं आणि खाली सही करायची. सही झाली की ती ओळ हिरवी धरतात.

"मॅडम, प्रसंग बघा ना," मॅनेजर म्हणाले. "फोन तासभर हललेला नाही. स्क्रीन बंद आहे. म्हणजे तो टेबलावर पडलाय, माणूस झोपलाय. चिपने डुलकी काढली तर बिघडलं कुठे?"

"डुलकीबद्दल माझी तक्रार नाही. डुलकीतून ती टॉवरकडे बघायला उठते, तेव्हा तिला फार थोडा वेळ दिलाय. रेंज चांगली असली तर पुरतो. रेंज कमजोर असली तर टॉवर सापडायच्या आत वेळ संपतो आणि ती परत झोपते. पुन्हा उठते, पुन्हा तेच. आलेला कॉल तिला कळतच नाही."

"पण रेंज कमजोर, आणि फोन तासन् तास जराही न हलता, आणि माणूस कॉलची वाट बघतोय. हे तिन्ही एकत्र? असं कोण करतं?"

"माझी बहीण करते," मी म्हटलं.

माझी धाकटी बहीण अहेरीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावात आशा कार्यकर्ती आहे. गावात रेंज नाही, फक्त तिच्या अंगणाच्या टोकाला एक मोहाचं झाड आहे, तिथे येते. तीही जमिनीवर येत नाही, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येते. गावाने त्या बुंध्यावर पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून खिळ्यांनी ठोकल्या आहेत. सकाळी कामाला जाताना ज्याने त्याने आपला फोन आपल्या बाटलीत ठेवायचा. नियम एकच, दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. वाजला तर झाडाजवळ जो असेल त्याने मालकाच्या नावाने हाळी द्यायची. हाळी पुढच्या घरातून पुढे जाते. ही व्यवस्था आमच्या ऑफिसच्या मीटिंगांपेक्षा बरी चालते.

जानेवारीत मी तिच्याकडे गेले तेव्हा ती तोंड पाडून बसली होती. शेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका बाईला कळा सुरू झाल्या, नवऱ्याने दुपारभर बहिणीला फोन लावले आणि एकही लागला नाही. शेवटी ट्रॅक्टरवर घालून नेताना वाटेतच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण आरोग्य केंद्राच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बहिणीला बोलणी बसली. फोन बंद करून झोपली होतीस, असं म्हणाले.

"मी झाडाखालीच तांदूळ निवडून राह्यली होती," ती मला सांगत होती. "वाजलाच नाई तं उचलू कुठून? आता मले कोणी पतवत नाई, खोटी म्हनते. तू तं फोनच्या कंपनीत हायेस, सांग ना काऊन नाई वाजला!"

मी तिची स्कूटी घेतली आणि दीड किलोमीटरवरच्या रपट्यावर, ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर, गेले. तिथे रेंज बरी आहे. झाडावरच्या फोनला दहा वेळा कॉल लावला. बहीण खाली उभी होती. एकदाही वाजला नाही. मी परत आल्यावर तिने बाटलीतून फोन काढला, तर दोन कांड्या रेंज दाखवत होता. मी लगेच माझ्या फोनवरून लावून पाहिला, तर तिच्या हातात खणखणीत वाजला. दवाखान्याच्या पायरीवर पोचताच दुखणं थांबतं, तसला प्रकार. हात लागला की चिप जागी होते, म्हणून दुकानदाराला दाखवलं तरी फोनमध्ये दोष सापडणार नव्हता.

मी फोनच्या माहितीत जाऊन आतली चिप कुठली ते पाहिलं. आमचीच होती, मागच्या खेपेची.

ब्रह्मपुरीला परत आल्यावर मी मागच्या चिपची माफीची यादी उघडली. हाच प्रसंग होता, हीच लाल ओळ. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत एक शब्द होता, त्याचा मराठी अर्थ 'अवास्तव'. खाली सही माझी होती. तहसीलने दिलेला वास्तव्याचा दाखला मी लॅमिनेशन करून फाइलला लावून ठेवला आहे. जन्म, शाळा, कॉलेज, सगळं ब्रह्मपुरी आणि अहेरीच्या याच दोन जिल्ह्यांतलं. आणि बहिणीच्या अंगणातली रोजची गोष्ट मी अवास्तव म्हणून सही करून मोकळी झाले होते. त्या दिवशीही कुणीतरी म्हणालं असणार की एवढी एकच ओळ राहिलीये. मी रडले वगैरे नाही. नव्या चिपच्या चाचण्यांत तोच प्रसंग पुन्हा घातला, यावेळी जास्त कडक करून. ओळ लाल झाली, कारण तो छोटा भाग जुन्या चिपमधून जशाचा तसा उचलून नवीत घातला होता.

हे सगळं मी मॅनेजरना पूर्वीही सांगितलं होतं. रविवारी पुन्हा सांगितलं.

"हे आपण नंतर सॉफ्टवेअरमधून सांभाळून घेऊ," ते म्हणाले.

"तो वेळ तारांत पक्का बसवलाय. सॉफ्टवेअरचा हात तिथे पोचत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक मोकळेपणाने सांगू? वरून विचारणा झालीये. सही झाली नाही तर तुमच्या जागी दुसऱ्याची घेतील. आणि तुमची घरून काम करायची परवानगी पुन्हा बघायला काढतील. माझ्या हातात काही राहणार नाही."

घरून काम म्हणजे माझ्यासाठी ब्रह्मपुरी. पंधरा वर्षं बंगलोरला काढून मी इथे परत आले ते हौसेने. मला भाड्याच्या फ्लॅटमध्ये परत जायचं नाही आणि आई तर येणारच नाही.

"परवानगी बघा," मी म्हटलं. "दुसऱ्याची सही घ्यायची तर घ्या, पण त्याला आधी हा प्रसंग समजावून सांगा आणि मगच घ्या. माझी मिळणार नाही. एकदा दिली, तेवढी पुरे."

"उद्या नऊला सगळे आहेत कॉलवर. तिथे तुम्हीच सांगा मग."

"सांगते."

आई ओट्यावरून ऐकत होती. "कोनाशी भांडून राह्यली वो?"

"साहेबाशी."

"नोकरी जाते का?"

"जाऊ शकते."

"मंग तो कूलर आधी लावून ठेव," आई म्हणाली. "भांडन काय, संध्याकाळी बी होते."

कूलर लावला. चार वाजता बहिणीचा फोन आला. त्या वेळी ती झाडावरून फोन उतरवते आणि स्वतःच मला लावते. साहेबाशी झालेलं सांगून मी तिला म्हटलं, उद्या सकाळी आठला फोन बाटलीत ठेव, झाडाखाली बसून राहा आणि काहीही झालं तरी हात लावू नकोस. घरातल्या घड्याळात साडेनऊ झाले की काढून हातात धर.

"हे का नवं खूळ?" ती म्हणाली. "मले उद्या लसीकरन हाय."

"दहाला जा. एक दिवस उशिरा गेलीस तर गाव वाहून जात नाही."

"तुह्या साहेबाले म्हनाव, एक दिवस इथी येऊन राय. मोहाखाली खाट टाकून देतो त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी लॅपटॉप उघडला आणि आईचा फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला. कॉलवर अकरा जण होते. त्यातले सहा मला चेहऱ्याने माहीत नव्हते. माझी पाळी आली तेव्हा सव्वानऊ झाले होते. मी म्हटलं, माझ्याकडे दाखवायला तक्ते नाहीत, एक नंबर आहे, तो लावते. लावला. संपर्क होत नसल्याचं सांगणारी ती नेहमीची बाई बोलली. मी दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. अकरा जण ती बाई ऐकत बसले. पाचव्या वेळी कुणीतरी खाकरलं आणि म्हणालं, तिथे नेटवर्कच नसेल. मी म्हटलं, साडेनऊपर्यंत थांबा.

नऊ एकतीसला पुन्हा लावला. पहिल्याच घंटीला बहिणीने उचलला.

"काऊन वो," ती ओरडली, "आठपासून बसून राह्यली मी इथी मुंग्या चाववून घेत. एक बी घंटी नाई वाजली. तू लावला तरी होतास का?"

मॅनेजरना मराठी कळतं, त्यांनी मान खाली घातली. बाकीच्यांना भाषांतराची गरज पडली असं मला वाटलं नाही.

मग तो छोटा भाग ज्याने लिहिला होता, तो शांत मुलगा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलला. तो वेळ नंतर बदलता येईल असा करायचा तर नऊ दिवस लागतील, म्हणाला.

"मंगळवारचं काय?" कुणीतरी विचारलं.

माझा स्क्रीन सगळ्यांना दिसत होता. मी माफीच्या यादीत सहीसाठी थांबलेली ती ओळ उचलली, दोषांच्या यादीत टाकली, गंभीरतेच्या रकान्यात सगळ्यात वरचा क्रमांक निवडला, नोंदवणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं आणि जतन केलं. नऊ दिवस द्यायचे की माझं नाव काढायचं, ते त्यांनी ठरवावं, असं सांगून मी बहिणीला लसीकरणाला पाठवलं.