समुद्रावरून वाडग्याला फोन

पोरानं जहाजाचं तिकीट माझ्यापुढं धरलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला सवाल आला तो असा की, याला आता माझी मेंढरं कुणाला विकायचीत?

उगाच नाय आला. आमचं पोरगं हात आखडून वागणारं. मोटरसायकलवर मला गुलमंडीच्या बाजारात सोडायचं म्हटलं तरी पेट्रोलचा भाव ऐकवतं. चितेगावला कंपनीत लागल्यापासून अंगाला मेंढराचा वास नको म्हणून वाडग्याच्या बाजूनं येतसुद्धा नाय, लांबून वळसा घालून पुढच्या दारानं आत शिरतं. अन् तेच पोरगं मला म्हणतंय, "आबा, तुमी अन् माय जाऊन या. मुंबईहून जहाज निघतंय. गोवा, कोची करून परत. खाणंपिणं त्यातच. समिंदर बघा की एकदा."

समिंदर म्हणे. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं त्याच्यावाचून अडलं नव्हतं.

पाऊस दुसऱ्या वर्षीही दगा देऊन गेला होता. पैठण रोडच्या कडेला आमचं घर, मागं काट्याकुट्याचं कुंपण घातलेलं वाडगं, अन् वाडग्यात तीसपस्तीस मेंढरं राहिलेली. माझ्या बापाच्या वेळी एवढी होती की मोजायचा कंटाळा यायचा. जिथं चारायचो ती रानं प्लॉटवाल्यांनी घेतली. चुन्याच्या रेघा आखल्या, नंबर घातलेले दगड रोवले, अन् दोन बिल्डिंगा तर इतक्या अंगावर आल्या की गॅलरीतल्या बाया नाकाला पदर लावून माझ्या वाडग्यात बघत उभ्या राहायच्या. बोअर आटलेली. टँकर यायचा तो माणसांपुरता. मेंढरांचं पाणी बायको डोक्यावर आणायची, पार वीटभट्टीच्या हौदावरून.

पोरगं रोज म्हणायचं, "इकून टाका आबा." मी म्हणायचो, "मी मेल्यावर इक." मग ते गप. असं वर्षभर चाललं, अन् एक दिवस ते इका म्हणायचं थांबलं आणि जहाजाचं तिकीट घेऊन आलं. आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं?

मी साफ नाय म्हणालो. तर बायको म्हणाली, "जाऊ की." तिनं उभ्या जन्मात कधी कुठं जाऊ म्हटलं नव्हतं, त्यामुळं मला पुढं बोलता येईना. पोरगं म्हणालं, मी रजा टाकतो, पाचोडहून मामाला बोलावतो, तो चारील. मामा म्हणजे माझा मेव्हणा. माणूस बरा, पण झोपाळू.

मग मी एक अट घातली. रोज सांजेला मी फोन करणार, अन् पोरानं फोन वाडग्यात नेऊन धरायचा. दिवसभर मेंढरं रानात असतात अन् कोकरं वाडग्यात कोंडलेली. सांजेला मेंढरं परत आली की कोकरं आपापली आई हुडकत पळतात, अन् त्या गलक्यात मला डोळे मिटून कळतं कोण आलं, कोण मागं राहिलं, कुणाची कास दुखतेय. आवाजाला फसवता येत नाय. पोरगं लगेच म्हणालं, "चालंल." एवढ्या लवकर चालंल म्हणाल्यावर माझी शंका आणखी वाढली.

जहाज कसलं, पाण्यात उभी केलेली बिल्डिंगच ती. आमच्या मागच्या दोन्ही बिल्डिंगा त्यात मावल्या असत्या. आत शिरताच आमची आधारकार्डं बघितली, गळ्यात अडकवायला एकेक कार्ड दिलं, अन् निघायच्या आधीच सगळ्यांना गोळा करून बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकवलं. मी बायकोला म्हणालो, "बघ, यांनाच भरवसा नाय." ती नारंगी जाकीट घालून हसत होती. तिला एवढं हसताना बघायची मला सवय नव्हती.

मुंबई सुटायच्या आत मी फोन लावला. पोरानं फोन वाडग्यात नेला. गलका ऐकला. म्हातारी मेंढी खोकली, तिच्या मागून एक कोकरू चिरक्या आवाजात ओरडलं, बादलीची कडी वाजली. माझा जीव भांड्यात पडला. मग किनारा मागं गेला अन् फोनची रेंजही गेली.

जहाजावर तर माझ्या शंकेला रानच मोकळं मिळालं. डेकवर पोहायचा हौद, काठोकाठ भरलेला, अन् त्यात धडधाकट माणसं नुसती लोळत होती. मी जेवण वाढणाऱ्याला विचारलं, प्यायचं पाणी कुठून आणता? तो म्हणाला, समुद्राचंच गोडं करतो. मी त्या दिवशी फक्त चहा प्यालो. सांजेला खोलीत आलो तर आमच्या टॉवेलचा हत्ती करून पलंगावर बसवलेला. बायकोला लई कौतुक. मी म्हणालो, "कौतुक काय करतेस, आपण नसताना कुणीतरी आत येऊन गेलंय." मी दोन्ही पिशव्या उपसून बघितल्या. काही गेलं नव्हतं. म्हणजे नंतर न्यायचा बेत असणार, असं मी धरून चाललो.

म्हणून गोवा आलं तेव्हा मी उतरलो नाय. पिशव्यांपाशी एकानं थांबायलाच पाहिजे. आमच्यात हे बोलावंही लागत नाय. मेंढरं असलेल्या घरातून दोघं एकदम बाहेर पडत नाहीत. लग्नाला ती गेली तर मी घरी, मयतीला मी गेलो तर ती घरी. ती एकटीच बाकीच्या बायांबरोबर उतरली. जाताना दारात थोडी थांबली, माझ्या चपलांकडं बघितलं अन् गेली. परत आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओला होता अन् पायाला वाळू.

तेवढ्यात मी फोन करून घेतला होता. गलका तसाच. म्हातारी खोकली, कोकरू ओरडलं, बादलीची कडी वाजली. मी म्हणालो, सगळं ठीक दिसतंय. पण मनात काहीतरी टोचत राहिलं. मेंढरं कधी दोन सांजा सारखी ओरडत नाहीत.

कोचीला माझी पाळी. ती म्हणाली, "आज पिशव्या राहू द्या की. कोण नेतंय आपली लुगडी?" मी म्हणालो, "तू बस, मी येतो बघून." काय बघणार होतो? मला शांत जागा पाहिजे होती फोनला. बंदराच्या बाहेर एका झाडाखाली उभा राहिलो. हवा अशी दमट की सदरा पाठीला चिकटलेला. फोन लावला. म्हातारी खोकली. कोकरू ओरडलं. कडी वाजली.

"झालं का आबा?" पोरगं म्हणालं.

"धर तसाच. अजून ऐकू दे."

ते काहीतरी पुटपुटलं, पण माझा धाक अजून थोडा शिल्लक असावा. फोन चालूच राहिला. मेंढरं ओरडत होती, अन् त्यांच्या मधूनच एक माणूस हाळी देत होता. हुर्र, या या या, हुर्र. मेव्हणा नव्हता तो. तो आवाज ओळखायला मला थोडा वेळ लागला, कारण आपला आवाज आपण बाहेरून कधी ऐकलेला नसतो. मीच होतो तो. मी कोचीला झाडाखाली उभा होतो, अन् तिकडं वाडग्यात मीच मेंढरं आत घेत होतो.

"आबा, रेंज जातीय," पोरगं म्हणालं, अन् फोन बंद केला.

मी तसाच माघारी फिरलो. जिने चढताना पोराला काय काय बोलायचं ते मी ठरवत होतो, अन् त्यातलं निम्मं इथं लिहिण्यासारखं नाय. खोलीत बायको गोल खिडकीपाशी बसली होती, पिशव्या पायाशी घेऊन.

"इकली," मी म्हणालो. "तुझ्या लेकानं मेंढरं इकली. आवाज भरून ठेवलाय फोनात, त्योच ऐकवतोय मला रोज."

कशावरून, असं तिनं विचारलं नाय.

"व्हय," ती म्हणाली. "आपण निघालो त्याच दिवशी पाचोडच्या बाजारात नेली."

"तुला ठावं व्हतं?"

"मीच सांगितलं त्येला. त्यो तर भीत व्हता तुमाला. आवाज बी मीच भरून दिला, निघायच्या आदल्या सांजेला."

मी पलंगावर बसलो. पोरावर नजर ठेवली, मेव्हण्यावर ठेवली, टॉवेलचा हत्ती करणाऱ्यावर ठेवली. शेवटी मी म्हणालो, "मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर व्हय म्हणाला असता?"

"नाय."

"मंग."

"पाणी वाहून कटाळलीस म्हण की सरळ."

"पाण्याचं काय नाय. पाणी जलमभर वाह्यलं." ती माझ्याकडं बघत नव्हती, बाहेरच्या पाण्याकडं बघत होती. "माझी माय गेली तवा मी एकली गेले. गर्भपिशवीचं आपरेशन झालं तवा उशाला शेजारीण बसली व्हती. पोराच्या वरातीत लोक इचारत व्हते, नवरदेवाचा बाप कुठाय? मी सांगत व्हते, मेंढरापाशी."

मला त्या वेळी बोलायचं होतं ते मेंढरांचं.

"खाटकाला दिली?"

"न्हाई वो. आपल्यातल्याच माणसाला दिली, गोदाकाठच्या. सगळी एकाच जागी ऱ्हातील, असं बोलून घेतलंय."

भोंगा झाला, खाली शिडी ओढल्याचा आवाज आला, जहाज हललं. माझा राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर अजून गेलेला नाय.

"एक तरी ठेवायची," मी म्हणालो. "ती म्हातारी, खोकती ती. तिला घेऊन त्यो काय करणार? एका मेंढरानं काय बिघडलं असतं?"

ती तेव्हा माझ्याकडं वळली.

"एक ठेवली असती तरी," ती म्हणाली, "आपल्यातल्या एकाला घरीच थांबावं लागलं असतं."