वालाचे मोड आणि दातारबाई

सुगंधाकाकींचं मोठं आतडं स्वच्छ आहे. गेल्या आठवड्यात दुर्बिणीतून तपासून डॉ. शरयू दातार यांनी स्वतः तसं सांगितलं. बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहिताना याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती.

बाईंची माझी ओळख पेणला, आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत झाली. आरोग्यावरचा पहिला लेख घेऊन त्या आल्या आणि माझ्या हाती देण्याआधी त्यांनी तो चहावाल्या बबनरावांना वाचून दाखवला. बबनराव जिथे अडले, ते वाक्य त्यांनी तिथेच बदललं. पुढचे सगळे लेख याच वाटेने छापायला गेले.

सुगंधाकाकी माझ्या चुलती, राहणार निडी. शौचावाटे रक्त जात होतं. आमच्याकडे अशा रक्ताला एकच नाव, मूळव्याध. पाल्याचं औषध चालू होतं. मी त्यांना हट्टाने बाईंकडे नेलं. तपासणीत आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला छोटा गोळा, सापडला. पण वालाची काढणी तोंडावर असल्याने काकी तो काढून घ्यायला तयार होईनात. तेव्हा बाई माझ्यासोबत निडीला आल्या. काकी ओटीवर बिरड्यासाठी मोडाचे वाल सोलत होत्या. बाईही सोलायला बसल्या.

"कॅन्सर हाय का?" काकींनी विचारलं.

"तसं वाटत नाही, पण पुढे होऊ शकतो. आतड्याचं अस्तर सारखं नवं होत असतं. जुन्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. एका जागी त्या वाढायच्या थांबल्या नाहीत, तिथे हा मोड आलाय. सगळेच मोड बिघडत नाहीत. कुठला बिघडेल ते सांगता येत नाही, म्हणून काढायचा."

"नि वाल कोण काढील?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला वाल नि तूर वळखता येत नाय."

"मग लवकर मोकळ्या व्हा आणि बांधावर उभ्या राहून त्याला शिकवा."

काकी हसल्या. "बिरडं खाऊन जा गो बाय," म्हणाल्या.

पॉलिप निघाला. पेशी बदलू लागल्या होत्या, कर्करोग झालेला नव्हता. तो अहवाल बाईंनी आधी मला सांगितला नाही. "आतडं त्यांचं आहे," म्हणाल्या आणि काकींना समोर बसवून समजावून दिला. घरच्यांपाशी कुजबुजून रुग्णाला अंधारात ठेवणं त्यांना कधीच मान्य नव्हतं.

असा धोका घराण्यात असू शकतो, म्हणून येत्या रविवारी काकींचा मुलगा आणि धाकटी बहीण तपासणीला येणार आहेत. काकींची स्वतःची पुढची तपासणी काही वर्षांनी आहे. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, ही आम्हा सर्वांची इच्छा. काकींनी मात्र ते नुसत्या इच्छेवर सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात तपासणीनंतर निघताना त्यांनी बाईंना बजावलं, "तवा पण दुर्बीण तुझ्याच हातात पायजे गो."

बाईंनी होकारार्थी मान हलवली आहे.