मुनीर कोणाचा?

आपण आयुष्यात दोनच गोष्टी नीट केल्या, धाकट्या भावाला वाढवलं आणि फॉर्म भरले, असं इन्शिराह स्वतःच सांगायची. इजिप्तच्या दुम्यात शहरात जनगणना असो की लसीकरणाची मोजणी, सत्तेचाळीस वर्षांची ही बाई पिशवी काखोटीला मारून निघालीच. बाकीचे गणक कॉफीच्या दुकानात बसून दहा घरं एका दमात भरून टाकत. हिचं एकही घर कधी खोटं निघालं नाही.

त्या वर्षी विद्यापीठाने नवंच खूळ काढलं होतं. मनाच्या आजाराबद्दल लोकांना कितपत कळतं, ते मोजायचं. बावीस प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. आधी एक उतारा वाचून दाखवायचा: ‘मुनीर एकतीस वर्षांचा आहे. तो लाकडावर नक्षी कोरतो. सहा महिन्यांपासून तो कामाला जात नाही, झोपत नाही. एकटा असताना कोणीतरी आपल्याशी बोलत आहे असे त्याला वाटते.’ मग विचारायचं, याला काय झालंय, कुठे न्यावं, असा माणूस शेजारी चालेल का. गणकाने लिहिलंय तेवढंच वाचायचं, समजावून सांगायचं नाही, मान हलवायची नाही. चेहरा कोरा ठेवण्यात इन्शिराहचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

प्रशिक्षणाच्या दिवशी प्रत्येक गणकाने आधी स्वतः फॉर्म भरला. इन्शिराहला बावीसपैकी बावीस मिळाले. शेवटचा, तेविसावा प्रश्न बिनगुणांचा होता: असा कोणी तुमच्या ओळखीचा आहे का? तिने ‘नाही’वर खूण केली.

घरी तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत तिचा भाऊ शौकी चौदा महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता. तोही नक्षीवालाच. गल्लीत तिने सांगून ठेवलं होतं की शौकी कुवेतला गेलाय, तिथे कोणा बड्या माणसाच्या घराचे दरवाजे कोरतोय. ईदला कोणी विचारलं की ती तिथल्या उकाड्याचं आणि शौकीच्या खोलीतल्या घोरणाऱ्या सोबत्याचं वर्णन करी. खोटं एकदा पाळलं की त्याला रोज खायला घालावं लागतं, आणि ती ते नेमाने घालत होती. त्यांच्या मावशीला याच गल्लीने मरेपर्यंत ‘झपाटलेली’ म्हणून हाक मारली होती. शौकीला तसलं नाव चिकटू नये, एवढंच तिला हवं होतं. डॉक्टरकडे न्यायचं तर तीन जिने उतरून सगळ्या गल्लीसमोरून न्यावं लागणार, म्हणून तेही राहिलं होतं.

सर्वेक्षण सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. दुम्यातमध्ये दर दुसरा माणूस लाकडावर जगतो. तिथे मुनीर नावाचा नक्षीवाला आहे आणि तो आपल्याला माहीत नाही, हे कोणी मानायलाच तयार होईना. लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी विचारत, ‘मुनीर कोणाचा?’ एका पॉलिशवाल्याने तीन मुनीर मोजून दाखवले आणि तिघेही ठणठणीत असल्याची खात्री दिली. एका म्हाताऱ्याला तो आपल्या मेहुण्याचा मुलगा वाटला, आणि त्याने मेहुण्याच्या कंजूषपणावर अर्धा तास खर्च केला. एका बाईने फॉर्म होईपर्यंत धीर धरला, मग आत जाऊन भात भरलेल्या कोबीच्या पानांची थाळी आणली. म्हणाली, “तुझे प्रश्न राहू देत. हे त्याच्याकडे पोचव आधी.” समजावून सांगायला बंदी होती. इन्शिराहने थाळी घरी नेली आणि ती शौकीने पुसून खाल्ली.

गुण द्यायच्या वेळी त्या कोबीवालीला चार मिळाले. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला एकवीस मिळाले. तिला आजाराची नावं, गोळ्यांची नावं, सगळं पाठ होतं. शेजारी चालेल का, या प्रश्नावर मात्र ती म्हणाली, “आमच्या इमारतीत नको बाई.” तिथे एक गुण गेला. ही मोजपट्टी कुठेतरी आखूड पडतेय असं इन्शिराहला वाटलं, पण मोजपट्टी तिची नव्हती.

मग तिच्या स्वतःच्या गल्लीचं काम ज्या मुलीकडे होतं तिचा पाय मोडला. साहेबांनी ते काम इन्शिराहच्या गळ्यात घातलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण देता येण्यासारखं नव्हतं.

पहिल्या घरी तिने उतारा वाचला. घरातली बाई जवळ सरकली. हळूच म्हणाली, “जेवतो ना वेळेवर?” दुसऱ्या घरी म्हातारा म्हणाला की असा माणूस शेजारी चालेल का हे काय विचारणं झालं, शेजारी असतो तो असतोच. तिसऱ्या घरी, तिच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी झकीची आई प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे बघत राहिली आणि “तुला ठाऊक, बाई” एवढंच म्हणाली. तिला शून्य. चौथ्या दारातून बाहेर पडताना इन्शिराहच्या ध्यानात आलं. अख्ख्या दुम्यातने विचारलं होतं, मुनीर कोणाचा. तिच्या गल्लीत कोणीच विचारत नव्हतं.

पाचवं दार बय्यूमी काकांच्या कारखान्याचं. शौकी सोळाव्या वर्षापासून इथेच कामाला होता. काकांनी रंधा बाजूला ठेवला आणि तिला स्टूल पुसून दिलं. तिने उतारा वाचला. ‘सहा महिन्यांपासून’ या शब्दांवर काकांनी तिला थांबवलं.

“चौदा,” ते म्हणाले.

“इथे सहा लिहिलंय, काका.”

“लिहिलं असेल.” त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. खुंटीवर निळ्या कापडाची गुंडाळी टांगली होती. शौकीच्या छिन्न्या. “कुवेतला निघालेला नक्षीवाला या इथे ठेवून जातो का, पोरी? बायकोला माहेरी ठेवून जाईल, छिन्न्या नाही. मी दर महिन्याला तेल लावतोय त्यांना.”

इन्शिराहने उभ्या आयुष्यात फॉर्मचा एक रकाना कधी रिकामा सोडला नव्हता, आणि एवढी मोठी गोष्ट तिच्या हिशेबातून सुटून चौदा महिने भिंतीवर लोंबकळत होती. तिला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला.

“मग दर ईदला मला कुवेतची खबर कशाला विचारत होतात सगळे?”

“तुला सांगायची असायची म्हणून,” काका म्हणाले. “तुझ्या मावशीच्या वेळी गल्लीने तोंड फार चालवलं. या वेळी ठरवलं, इन्शिराह बोलेल तेवढंच ऐकायचं.”

तिने पुढचा प्रश्न वाचला, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. त्याला काय झालंय? काका म्हणाले, “थकलाय.” रकान्यांत तो शब्द नव्हता. कुठे न्यावं? “मन्सूराला, इस्पितळात. सकाळी सातची गाडी आहे. मी येतो.” इथे एक गुण मिळाला. शेवटी तिने तेविसावा वाचला: असा कोणी तुमच्या ओळखीचा आहे का?

“तू काय लिहिलंस?”

“नाही, असं.”

“मग माझं विचारू नकोस. आधी तुझं खोड.”

इतकी वर्षं कोरा ठेवलेला चेहरा तिथे, लाकडाच्या भुशात, पार विस्कटला. ती पुष्कळ रडली. काकांनी तेवढ्या वेळात एक खुर्चीचा पाय घासून पुरा केला. नंतर तिने त्यांचे गुण मांडले: बावीसपैकी तीन. गल्लीचा आकडा शहरात सर्वांत खाली गेला, आणि तिने त्यातला एकही गुण वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौकीला तीन जिने उतरायला पाऊण तास लागला. काका धुतलेला पायघोळ गलाबिया घालून दारात उभे होते. खिडक्यांतून माणसं होती, पण जो तो कपडे वाळत घालण्यात गुंतल्यासारखा. झकीच्या आईला मात्र राहवेना. गल्लीने जे पाळलं ते शेवटपर्यंत पाळावं, असा तिचा हिशेब असणार. तिने सज्ज्यातून हाक दिली, “शौकी, बाळा, कुवेतहून कधी आलास?”

शौकी थांबला. त्याने आपल्या पांढऱ्याफटक हातांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. चौदा महिने कानांत काय काय आलं, त्यातलं खरं कोणतं ते त्याला निवडता येत नव्हतं, आणि आता हे.

“ताई, मी कुवेतला होतो?”

इन्शिराहने वर पाहिलं. मग सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, “नाही रे. तू घरीच होतास, वरच्या खोलीत. तू आजारी आहेस. कुवेत मी रचलं होतं.”

थोड्या वेळाने वरून दोरीला बांधलेली टोपली हलत हलत खाली आली. आत भाकऱ्या होत्या, चीज होतं, उकडलेली अंडी होती. शौकीने एक अंडं उचललं, खरं आहे का ते दाबून पाहिलं आणि बहिणीचा हात धरून गाडीच्या दिशेने चालू लागला.